प्रभाचा सोमवारचा तास

शनिवारी आपण दोघांनी कूलरची खस बदलली. यंदा उशीरच झाला होता. जुलै तोंडावर आला तरी गेल्या वर्षीचं कुजकं गवत तसंच होतं आणि हॉलमध्ये डबक्याचा वास यायचा. तू जाळी धरून बसलीस, मी गवत सारखं करून भरत होतो.

"अहो, कोपरे भरा. कोपरे रिकामे राहतात तुमचे नेहमी."

"तुझा हात काढ तिथून, म्हणजे कोपरा दिसेल."

हे आपण दर उन्हाळ्यात बोलतो. मग मी पंप चालू केला, पाणी गवतावरून उतरायला लागलं आणि तू कूलरसमोर उभी राहून म्हणालीस, "वा, बिल्कुल शिमला." तुझे पांढरे केस उडत होते. ओले हात पदराला पुसता पुसता तू विचारलंस, "परवा येताय ना माझ्याबरोबर? नवी बॅच आली आहे. पहिला तास माझा."

"नाही."

"का पण?"

"चौथी पास माणसाला बी.टेक.च्या पोरांसमोर उभं करून तुला काय मिळतं? माझी कीव करायची सवय सोड आता."

तू आत जाऊन चहा केलास. आलं दुप्पट घातलंस, म्हणजे राग आला आहे हे मला घोटाघोटाला कळावं.

रविवारी सकाळी मी भाजी घेऊन आलो तेव्हा तू खुर्चीत होतीस, पेपर मांडीवर, चष्मा डोळ्यांवर. डॉक्टर म्हणाला, त्रास झाला नसेल. बरं झालं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

आज पाचवा दिवस. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्याबद्दल छापायचं आहे, बाबा तुम्हीच लिहा, असं वैजू म्हणाली. जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कुठं, हे ज्याला हवं त्यानं वैजूला विचारावं. मला तुझ्याशी भांडण पुरं करायचं आहे. तू मधेच उठून गेलीस, ही तुझी पद्धत नव्हती.

कीव म्हणालो, ते सुरुवातीपासून सांगतो. म्हणजे वाचणाऱ्यालाही कळेल आणि तुलाही नाकारता येणार नाही.

लग्न ठरताना मी आठवी पास सांगितलं होतं. तू ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा केलेली, नागपूरची. मी साताऱ्याकडून चुलत भावाच्या मागं दिल्लीला आलेला आणि फरीदाबादच्या बेअरिंगच्या कारखान्यात चिकटलेला. लग्नाला महिना झाला आणि तू रेशनकार्डाचा अर्ज माझ्यासमोर ठेवलास, इंग्रजीतला. मी तो उलटा धरला होता. मला वाटलं आता ही माहेरी पत्र लिहिणार. तू अर्ज माझ्या हातातून घेऊन सुलटा केलास आणि विचारलंस, "खरं सांगा, कितवी?" मी म्हणालो, चौथी. तू इतकी हसलीस की शेजारची पंजाबीण बघायला आली. त्या हसण्यात कीव नव्हती. ते मला तेव्हाही कळलं होतं. म्हणून तर पुढं जेव्हा मला कीव दिसली तेव्हा ती जास्त लागली.

तू ओखल्याच्या फर्ममध्ये फिल्मवर काळी टेप चिकटवून सर्किटची चित्रं करायचीस. भिंगातून बघून, ब्लेडनं टेप कापून. मी कारखान्यात छर्रे तपासायचो. बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्यांना आम्ही छर्रे म्हणायचो. रात्री जेवताना दोघांचे डोळे लाल असायचे. तू म्हणायचीस, आपल्या घरात बारीक बघायचा आजार आहे. सरोजिनी नगरला शर्ट घ्यायला गेलो की मी एकेक शिवण तपासायचो, काजं मोजायचो. एकदा दुकानदार वैतागला होता, "भाईसाहब, शर्ट है, पुर्जा नहीं है." तू त्याला म्हणालीस, "भैया, इनको देखने दो, नहीं तो ये मुझे भी वापस कर देंगे." तो शर्ट मी फाटेपर्यंत घातला.

मग ते दिवस आले. बाहेरचा माल यायला लागला, पेपरात रोज लिहून यायचं की देश उघडला. उघडला, पण माझा कारखाना बंद पाडून. परदेशी बेअरिंग आमच्या निम्म्या भावात बाजारात मिळायला लागलं. मला पन्नाशीच्या आत घरी बसवलं. आणि त्याच वर्षी नोएडात काचेच्या इमारतीत एक कंपनी आली. तिला चिपची चित्रं काढणारी माणसं हवी होती आणि तुझ्या ओखल्याच्या साहेबानं तुझं नाव सांगितलं. एका घरात एक दार लागलं, एक उघडलं. आपण फरीदाबाद सोडून नोएडात आलो. नवा सेक्टर, अर्धे रस्ते कच्चे, वीज आली की शेजारीपाजारी टाळ्या वाजवायचे. तू सकाळी कंपनीच्या गाडीतून जायचीस. मी पोळ्या लाटायला शिकलो. पहिल्या पोळ्या तू डब्यात नेल्यास आणि मैत्रिणींना नकाशे म्हणून दाखवल्यास. ते आपण दोघांनी मनावर घेतलं नाही.

पहिली चारेक वर्षं तू माउसनं चित्र काढायचीस. मला सांगायचीस, एका नखाएवढ्या जागेत लाखो चौकोन असतात, थरावर थर. मी म्हणायचो, बरं. मग तुमचा नवा साहेब आला, मेहरा. चांगला माणूस, पण सरळ बोलणारा. त्यानं सगळ्यांना सांगितलं, हातानं चौकोन काढायचे दिवस गेले. चित्राच्या सॉफ्टवेअरला आता हुकूम लिहून द्यायचे, मग चौकोन ते स्वतः काढेल. ज्याला हुकूम लिहिता येईल तो राहील, बाकीच्यांना रेकॉर्डच्या खोलीत फायली लावायला पाठवणार. दोन आठवडे दिले. बाकी सगळी इंजिनियर झालेली पोरं. तू एकटी टेप चिकटवणारी.

त्या दोन आठवड्यांत तू घरी पुस्तक घेऊन बसायचीस आणि मी तुझ्यासमोर. मला शिकवलंस की तुला समजतं, असं तू म्हणायचीस. मी म्हणायचो, मला समजलं तर कोणालाही समजेल, मी मापाचा दगड आहे. तू सांगितलेलं मला अजून शब्दाला शब्द पाठ आहे.

"हे बघा. सॉफ्टवेअरला विचारायचं, या चौकटीतले सगळे चौकोन दे. ते आपल्याला एक यादी देतं. यादी म्हणजे ओळ. एकामागं एक उभे. आता त्या ओळीवरून फिरायला एक बोट लागतं. त्याला इटरेटर म्हणतात."

"बोटाला एवढं मोठं नाव?"

"ऐका ना. या बोटाला फक्त तीन गोष्टी कळतात. माझ्याखाली आत्ता कोण आहे. पुढं सरक. आणि ओळ संपली का."

"आणि मागं?"

"काहींना मागंही जाता येतं. आपल्याला सध्या पुढंच जायचं आहे."

तुला दिलेलं काम असं होतं. चित्रात काही चौकोन चुकून एकावर एक दोनदा पडले होते. ते शोधून जास्तीचे काढून टाकायचे. तू हुकूम लिहिलास: बोट पहिल्यावर ठेव, खालचा चौकोन जास्तीचा असेल तर यादीतून काढ, मग पुढं सरक, ओळ संपेपर्यंत. ऐकायला एकदम सरळ. करून बघायला तू एक छोटं चित्र केलंस, त्यात शेवटी सगळे जास्तीचेच ठेवले. चालवलं तर निम्मेच गेले. पुन्हा चालवलं, उरलेल्यातले निम्मे गेले. पुन्हा, पुन्हा निम्मे.

मेहराला दाखवायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, तू कागद माझ्यासमोर टाकलास. रडली नव्हतीस, पण नाक लाल होतं.

"दहा वेळा चालवते. दहा वेळात सगळे जातील. कोणाला कळणार आहे?"

"आमच्या इथं असं म्हणणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवायचे," मी म्हणालो.

"मग सांगा ना काय करू! रेकॉर्डच्या खोलीत जाऊ?"

मला कागदावरचं अक्षर कळत नव्हतं. पण निम्मे, पुन्हा निम्मे, हे ऐकून माझ्या हाताला काहीतरी आठवलं. कारखान्यात नव्या माणसाच्या हातून नेमका असाच निम्मा वाईट माल सुटून जायचा. वैजूला खेळायला आणलेले नापास छर्रे काचेच्या बरणीत होते. पडद्याचा एक ॲल्युमिनियमचा चॅनल बसवायचा राहून गेला होता. मी तो पाटावर तिरका टेकवला, खालच्या टोकाला रबराचा तुकडा लावला आणि बरणी ओतली. छर्रे खडखडत खाली येऊन ओळीत उभे राहिले.

"हे आमचं काम होतं," मी म्हणालो. "उतरता पन्हळ, खाली अडसर, वर दिवा. खालून पहिल्या छर्‍यावर बोट ठेवायचं, फिरवून बघायचं. चांगला असला की बोट पुढच्यावर न्यायचं. वाईट असला की उचलून टाकायचा. आता तू कर. समज सगळे वाईट आहेत."

तू पहिला उचललास. मागची सगळी ओळ खडकन एक घर खाली आली. आणि तू बोट पुढं नेलंस.

"थांब," मी म्हणालो. "जो आत्ता तुझ्या बोटाखाली घसरत आला, त्याला कोणी बघितलं?"

तू छर्‍यांकडे बघत राहिलीस.  गॅसवरची आमटी उतू गेली तरी कोणी उठलं नाही.

"टेपचं तसं नाही होत," तू हळू म्हणालीस. "फिल्मवरची एक टेप काढली तर बाकीच्या जागच्या हलत नाहीत."

"म्हणून तर तुझी चूक झाली. आमच्याकडं हलतात. वाईट काढला की हात तिथंच ठेवायचा, पुढचा आपला आपण येतो. चांगला सोडला तरच हात पुढं. नव्या माणसाला हे शिकवायला पंधरा दिवस लागायचे. हात पुढं जातोच, त्याला सवय असते."

तू कागद ओढलास आणि एका ओळीत काहीतरी बदललंस. सरकायचा हुकूम तू फक्त चांगल्या चौकोनासाठी ठेवलास, असं मला नंतर समजावलंस. सोमवारी ऑफिसात एकदाच चालवलंस. सगळे जास्तीचे गेले, एकही उरला नाही. रेकॉर्डची खोली राहिली बाजूला.

इथपर्यंत आपलं एकमत आहे. पुढं नाही.

त्या संध्याकाळी तू नाचत घरी आलीस. म्हणालीस, मेहरानं सगळ्यांसमोर विचारलं, प्रभाजी, हे कसं पकडलंत? आणि मी सांगितलं, माझ्या नवऱ्यानं पकडलं, ते बेअरिंगचे छर्रे तपासायचे. सगळे हसले म्हणे, कौतुकानं. मी लाटणं खाली ठेवलं. मला ती पंधरा-वीस हसणारी तोंडं दिसली. घरी बसलेला नवरा, पोळ्या लाटणारा, आणि त्याला बायकोनं ऑफिसातून आणलेलं कौतुक, डब्यात उरलेल्या भाजीसारखं. मी दोन दिवस बोललो नाही तुझ्याशी. तुला वाटलं माझं पोट बिघडलं. ओव्याचं पाणी दिलंस. ते मी प्यालो, रागानं.

तेव्हापासून हे भांडण. तुझं म्हणणं, चूक तुम्ही पकडलीत. माझं म्हणणं, मी फक्त छर्‍यांचं सांगितलं, यादीतही तसंच होतं आहे हे तू ओळखलंस, मग पकडलं कोणी? तू म्हणायचीस, "तुम्हाला कौतुक घेताच येत नाही." मी म्हणायचो, "तुला ते वाटून दिल्याशिवाय चैन पडत नाही." आणि तू मोठी होत गेलीस. नव्या पोरांना शिकवायला लागलीस. रिटायर झालीस तरी दर वर्षी यादी आणि बोटाच्या पहिल्या तासाला तुलाच बोलवायचे. आणि दर वर्षी तू मला विचारायचीस, चला ना, ते छर्रे घेऊन, तुम्ही दाखवा. दर वर्षी मी नाही म्हणायचो. मला वाटायचं, ही मला उचलून दाखवते आहे. माझ्या रिकाम्या बसण्याला झाकण घालते आहे. एवढ्या वर्षांत मी तुला सरळ कधी विचारलं नाही की बाई, खरं सांग, कीव की खरं? विचारलं असतं तर तू खरंच सांगितलं असतंस. म्हणूनच विचारलं नाही.

पण तुला वाटेल मी एवढी वर्षं फुगूनच बसलो होतो. तसं नव्हतं हं. मी सुखात होतो. संध्याकाळी तुझी गाडी वळणावर दिसली की मी चहा टाकायचो आणि तू दारातून सांगायला सुरुवात करायचीस, आज कोणाची यादी अडकली, कोणाचं बोट ओळीच्या बाहेर पडलं. मला अर्धं कळायचं. कळलेलं अर्धं मी दुसऱ्या दिवशी दुधाच्या बूथवर लोकांना सांगायचो. तिथले म्हातारे मला इंजिनियर साहेब म्हणायचे, चिडवायला. मला आवडायचं. हे तुला कधी सांगितलं नाही.

या रविवारी दुपारी घाटावर तुझ्या ऑफिसचे बरेच लोक आले होते. एवढे येतील असं मला वाटलं नव्हतं. मेहराचे केस आता पांढरे झाले आहेत. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "भाईसाहब, कल की क्लास कैंसल कर देते हैं. बच्चों को मैं बता दूँगा." मी मान हलवली. घरी आलो, आंघोळ झाली, वहिनीनं खिचडी वाढली, ती खाल्ली. वहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधली. तुला ती सगळ्या गोष्टीत नियम सांगते म्हणून खटकायची. पण तिनं तुझं सगळं नीट केलं, हे सांगितलं पाहिजे.

सोमवारी सकाळी उठलो. दोन कपांचं पाणी ठेवलं आणि ठेवल्यावर कळलं. मग दोन्ही कप मीच प्यालो. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. माळ्यावरून चॅनल काढला, बरणी काढली. वहिनीनं पाहिलं.

"भाऊजी, कुठं निघालात?"

"ऑफिसला."

"अहो, सुतक आहे! कालच झालंय सगळं. दहा दिवस उंबरा ओलांडायचा नसतो. लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, तिचा तास आहे. रिकामा जाता कामा नये."

वैजू कॉटवर बसली होती, डोळे सुजलेले. "बाबा, मैं चलूँ साथ में?"

"नको गं. तू काकूंना चहा दे. आणि मेहरासाहेबांना फोन कर, म्हणावं क्लास कॅन्सल करू नका."

शेअर ऑटोत चॅनल मावेना. बाहेर काढून धरला तर पलीकडचा सरदारजी म्हणाला, "बाऊजी, भाला लेकर कहाँ चले?" तुमच्या काचेच्या इमारतीपाशी उतरलो. गेटवरच्या गार्डनं मला वरून खालपर्यंत पाहिलं, चॅनल पाहिला आणि म्हणाला, "अंकल, परदे वाले पीछे के गेट से."

बघ. ज्याची एवढी वर्षं भीती धरली तेच पहिल्या पावलाला झालं. आणि मला काही झालं नाही, प्रभा. हसूच आलं. मी म्हणालो, "बेटा, क्लास लेने आया हूँ." त्यानं पुन्हा चॅनलकडे पाहिलं. "किस चीज़ की?" मी म्हणालो, "लिस्ट की." त्यानं आत फोन लावला आणि दोन मिनिटांत मेहरा स्वतः खाली पळत आला. त्यानं चॅनल माझ्या हातातून घेतला आणि खांद्यावर टाकून पुढं चालायला लागला. एवढा मोठा साहेब. गार्ड उठून उभा राहिला.

बावीस पोरं होती. मुली निम्म्या. सगळ्यांना कळलेलं दिसत होतं, कारण कोणी माझ्याकडं नीट बघत नव्हतं. मेहरा म्हणाला, हे प्रभाजींचे मिस्टर. मी टेबलावर पुस्तकं रचून चॅनल टेकवला, खाली रबर लावलं, बरणी ओतली. त्या खडखडाटानं सगळ्यांची तोंडं वर झाली. माझ्या तोंडून पन्हळ असा शब्द गेला, कोणाला कळला नाही, मग नाली म्हणालो. सांगितलं, सगळे खराब आहेत, एकेक तपासा आणि काढा. कोण येतं?

एक उंच मुलगा आला. उचलला, ओळ खाली आली आणि त्याचं बोट पुढं गेलं. मी फक्त पुढच्याला बोलावलं. त्याच्यानंतर एक चष्म्याची मुलगी आली, तिचंही पुढं गेलं. तिसरा तर आधी पाहून आलेला, तरी त्याचाही हात गेला. मग मी त्यांना सांगितलं जसं तुला सांगितलं होतं. वर्गात एकदम गलका झाला. "ओह!" "अरे यार, ये तो मैंने कॉलेज के प्रोजेक्ट में किया था!" चष्म्याची मुलगी वहीत लिहायला लागली.

तेव्हा मला उत्तर मिळालं. तू दिलं असतंस तेच. जी चूक बी.टेक. झालेली पोरं एकामागं एक करतात, ती पकडणारा कोणी ऐरागैरा नसतो, आणि त्याची कोणी कीव करत नाही. तू खरं बोलत होतीस, पहिल्या दिवसापासून. मी दर वर्षी नाही म्हणून तुझा एकेक आनंद वाया घालवला. हे माझं चुकलं. हे मी तुला तोंडावर सांगायला हवं होतं, कूलरपाशी, शनिवारी. पण एवढं तरी मान्य कर की यादीतलं तू ओळखलंस. अर्धं अर्धं. यावर आता भांडण नको.

मग त्या चष्म्याच्या मुलीनं हात वर केला. "सर," ती म्हणाली. मला! "निकालने का तो समझ गए. अगर चलते-चलते नया डाल दें तो? हर छर्‍रे के पीछे एक नया?"

मी चॅनलकडे पाहिलं. आमच्या कारखान्यात कोणी छर्रे घालायचं नाही, फक्त काढायचं. एवढ्या वर्षांत मी हा विचार केला नव्हता.

"मालूम नहीं बेटा," मी म्हणालो. "ये उनसे पूछना था."

 मेहरा खिडकीकडं बघायला लागला. मग तीच मुलगी म्हणाली, "सर, करके देखते हैं?" आणि तिनं भराभर संगणकावर हुकूम लिहिला, भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा. मी चालत जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. चौथीनंतर पहिल्यांदा. शेजारच्या मुलानं जागा दिली आणि हळू आवाजात मला काय चाललं आहे ते सांगायला लागला.

तिनं चालवलं. प्रत्येक चौकोनामागं एक नवा चौकोन. बोट पुढं सरकलं की त्याच्याखाली तो नवा आलेला, मग त्याच्यामागं आणखी एक. ओळ संपेचना. भिंतीवर आकडे पळत होते, पळतच होते. मुलगी घाबरून बटणं दाबायला लागली, कोणीतरी ओरडलं, "बंद कर, बंद कर, पूरी बिल्डिंग भर जाएगी!" शेवटी मेहरा धावत गेला आणि त्यानं तारच उपटली.

सगळे हसले. आणि मीही हसलो, प्रभा. मोठ्यानं, पाठ टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तुला जाऊन एक दिवस झाला होता.